एलांगची सगळी छपरं एकदम गळू लागली

सकाळी निखाऱ्यावर नीरफणस टाकला की तो भाजून होईपर्यंत इलेतोर समुद्राकडे बघून येते. यात हौसमौज काही नाही, ते तिचं काम आहे. दवाखान्याच्या खोपटात रेडिओ आहे, रेडिओच्या पलीकडे प्रशांत महासागरातल्याच याप बेटावरचं हवामान केंद्र आहे आणि तिथे तामाग नावाचा गृहस्थ गालात सुपारी धरून बसलेला असतो. वारा कुठून, ढग कसले, रात्री पाऊस किती पडला आणि लाट केवढी, हे रोज त्याच्या कानावर घालायचं. मग तो पुढचा अंदाज सांगतो आणि इलेतोर तो बेटभर पोचवते. याचे जे काही डॉलर मिळतात ते जहाज आलं की तांदळात आणि डब्यातल्या मासळीत जातात.

लाटेवरून मात्र दोघांचं रोज वाजतं.

"फुटात सांग गं बाई, फुटात!" तामाग म्हणतो.

"लाट काय उभी राहते का रे मोजून घ्यायला? प्रवाळाच्या कड्यावरचा काळा खडक बुडला आणि वर हातभर पाणी उसळलं. लिही."

"काळा खडक माझ्या कागदावर नाही."

"मग तुझा कागदच अपुरा. त्यात माझा काय दोष?"

तामाग हसतो आणि खडकाचे फूट करून घेतो. इतक्या वर्षांत त्याने एलांग बेट पाहिलेलं नाही, पण तो खडक त्याला तोंडपाठ झालाय. हे भांडण ऐकायला आसपासच्या बेटांवरच्या बायाही आपापल्या रेडिओला कान लावून बसतात. आमच्याकडे दुसरी करमणूक ती काय?

इलेतोर पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, चालताना घाईत असल्यासारखी. जिभेला हाड नाही, असं तिची आईच तिच्याबद्दल म्हणायची. नवरा ओतोलिग स्वभावाने अगदी गरीब. एलांगवर जमीन बायकांची, घरं बायकांची, तेव्हा सगळेच नवरे घरजावई. पण ओतोलिगसारखा नमुनेदार घरजावई शोधून सापडायचा नाही. ती बोलते आणि तो मांडीवर काथ्याची दोरी वळतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोरी भरपूर झाली आहे.

एवढी बोलकी बाई फक्त एका माणसापुढे मुकी. तो तिचा थोरला भाऊ, रापियाल. बेटावरचा सगळ्यात जाणता तांडेल. आमच्याकडे बहीण वयात आली की भावाशी समोरासमोरचं बोलणं संपतं. तो बसलेला असेल तर तिने वाकून पुढे जायचं. होडीघर पुरुषांचं, तिकडे फिरकायचं नाही. अमुक कर, तमुक करू नकोस असं तर त्याला कधीच सांगायचं नाही. काही हवं असेल तर मधल्या माणसाकडून कळवायचं. आणि भावावरचं बंधन असं, की बहिणीने मागितलं तर 'नाही' म्हणायचं नाही. एलांगवर आजवर कुणी म्हटलेलं नाही.

लहानपणी ही दोघं एकाच फळकुटावर पालथी पडून लाटांवर खेळलेली, एकमेकांच्या झिंज्या उपटलेली. त्यानंतर इलेतोरच्या कानावर भावाचा आवाज आला तो फक्त होडीघराच्या बाजूने, दुसऱ्याच कुणाशी बोलतानाचा. माणसाला सगळ्याची सवय होते. पण वारा तिकडून येत असला की ती हातातलं काम हळू करते, आणि का ते कुणाला सांगत नाही.

त्या वर्षी ईस्टर तोंडावर आला होता. इलेतोरच्या मागावर कमरेला गुंडाळायचं एक वस्त्र अर्धवट विणून पडलं होतं, कारण लाल दोरा संपलेला. जहाजाचा पत्ता नाही. अळूच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी असताना बाई बोलून गेली, "ओलेआयच्या दुकानात लाल दोरा आलाय म्हणे. हाताला लागला असता तर ईस्टरच्या आत उरकलं असतं गं."

झालं एवढंच. हे ती चिखलाला म्हणाली, अळूला म्हणाली, फार तर शेजारच्या बाईला म्हणाली. पण शेजारची बाई होती लेफाय, म्हणजे रापियालची बायको, आणि लेफायच्या पोटात तीळ भिजत नाही. तिने दुपारच्या जेवणाबरोबर ती बातमी नवऱ्याला वाढली. संध्याकाळी होडीघरासमोर माडीचा पेला हातोहात फिरत होता, तिथे रापियाल सहज म्हणाला, "परवा सकाळी ओलेआयला निघतो. बहिणीला दोरा हवाय."

ओतोलिगने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा इलेतोर उडालीच.

"मी कुठे मागितला?"

"लेफायला म्हणालीस ना?"

"म्हणाले म्हणजे काय मागितला?"

"मग काय केलंस?"

 खरं सांगायचं तर आतून तिला गुदगुल्या होत होत्या. आपल्या चार गुंड्या दोऱ्यासाठी भाऊ दर्या ओलांडून जाणार, म्हटल्यावर कुठल्या बहिणीला होणार नाहीत? ओलेआय बेट म्हणजे एक दिवस, एक रात्र आणि वर थोडं, एवढीच वाट. ती शिदोरीच्या तयारीला लागली. होडीवरची शिदोरी बहिणींनीच द्यायची असते. अळू कुटताना ती गुणगुणत होती, आणि ओतोलिगने दोरी वळता वळता एकदा मान वर करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तामागने थट्टा केली नाही. तिथेच तिला खटकलं.

"इलेतोर, आज लाट आधी सांग."

"खडक उघडा आहे. पण लाट लांब लांब येतेय, पूर्वेकडून. वारा पडलाय आणि लाट चालूच आहे."

"तेच. ऐक आता. पोनपेईच्या बाजूला हवा गोल फिरायला लागलीय. अजून तिला नाव दिलेलं नाही, पण भरत चाललीय. पश्चिमेला सरकतेय, म्हणजे तुमच्याकडेच. दोन-तीन दिवसांत वारा उठेल, लाट दुपटीने वाढेल. लहान होड्यांनी बाहेर पडू नये. सगळ्यांना सांग."

"एलांग आणि ओलेआयच्या मधल्या पाण्यात?"

"तिथे तर आडोसाही नाही. का गं? कुणी निघालंय का?"

इलेतोरने रेडिओ बंद केला. ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या आईचा भाऊ असाच गेला होता. आईला तंबाखू हवी झाली, मामा आणायला निघाला. होडी कुणालाच सापडली नाही. आई पुढे म्हातारी होऊन वारली, पण तिने तंबाखूला पुन्हा हात लावला नाही आणि कुणाकडे काही मागितलंही नाही. आणि आता इलेतोर दोऱ्यापायी तेच करून बसली होती.

मग दोरा नको म्हणून कळवायचं ना, असं कुणी म्हणेल. असं म्हणणारा एलांगचा नव्हे. मागितलेलं परत घेणं म्हणजे भर होडीघरात भावाला सांगणं की तुझ्याच्याने होणार नाही. तसं ऐकल्यावर रापियाल तुफानातसुद्धा निघाला असता. मुखियाने बंदी घातली असती तर प्रश्न मिटला असता, पण मुखिया डोळे दाखवायला यापला गेलेला.

तिने ओतोलिगला पुढे केलं. "जा, होडीघरात हवामान सांगून ये. सगळं सांग. शब्द गाळू नकोस. आणि दादाकडे बघून सांग."

ओतोलिग गेला आणि तोंड पाडून परत आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, पूर्वेची लाट मला कालच कळली. होडीत आडवा झालो की पाठीला लागतेय."

"मग?"

"मग म्हाताऱ्या माणसांनी विचारलं, आता काय? तो म्हणाला, काय म्हणजे? बहिणीने मागितलंय." ओतोलिग जमिनीकडे बघत राहिला. "त्याला जायचं नाहीये गं. दोनदा आभाळाकडे बघितलं आणि दोनदा माझ्याकडे. पण मी काय बोलू?"

म्हणजे बघा. ज्याला जायचं होतं त्याला जायचं नव्हतं, जिच्यासाठी जायचं होतं तिला पाठवायचं नव्हतं, अख्ख्या बेटाला हे ठाऊक होतं, आणि तरी उजाडताच होडी निघणार होती. उलांडीचे, म्हणजे होडीच्या बाजूच्या तोलाच्या लाकडाचे, बंध ओढून ताणून झाले होते. नारळ भरून झाले होते. शहाणी माणसं मिळून जेवढा वेडेपणा करू शकतात तेवढा एकट्या वेड्याला जमत नाही.

लेफाय शिदोरी न्यायला आली. डोळे सुजलेले. आपल्या तोंडामुळे नवरा चाललाय हे तिलाही कळत होतं, पण बोलायची सोय तिलाही नव्हती. तिने टोपली उचलली. इलेतोर चुलीपाशी उकिडवी बसली होती, तिची नजर वर गेली आणि तिथेच थांबली.

"वहिनी," ती म्हणाली, "माझं छप्पर गळतंय."

लेफायने वर पाहिलं. ते छप्पर गेल्याच महिन्यात रापियालने स्वतः नव्या झावळ्यांनी शाकारलं होतं. त्यातून पाणी काय, उजेडही यायचा नाही.

"कुठे गळतंय?"

"सगळीकडे. वर टाकायला काहीतरी हवं बाई. दादाचं शीड हवं."

 लेफायने टोपली खाली ठेवली आणि ती पळत सुटली. या बाईची अक्कल कधी कधी अशी वेळेवर धावून येते.

होडीघरात रापियालने निरोप ऐकला आणि असा काही आवाज चढवला की इलेतोरला घरात ऐकू आला.

"काय? बहिणीचं छप्पर गळतंय? आणि मी इथे दोऱ्याच्या गोष्टी करत बसलोय? उतरवा रे ते शीड! आधी छप्पर, मग दोरा!"

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शिडाशिवाय होडी जाणार कुठे? सगळं मार्गी लागलं असतं, पण तिथे येगुल होता. येगुल रापियालचा मावसभाऊ, तरणाबांड, मनाने सोन्यासारखा आणि डोक्याने नारळासारखा. मदतीला सदा पुढे, विशेषतः नको तिथे.

"दादा, अडलंय कुठे?" तो म्हणाला. "माझं शीड घ्या की! नवंकोरं आहे."

 एका म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. रापियाल काय बोलणार? शीड आयतं मिळाल्यावर बहिणीचं मागणं पुन्हा समोर उभं. पण बातमी बायकांच्या बाजूला पोचायला वेळ लागला नाही, आणि मावसभाऊ म्हणजे आमच्याकडे सख्खा भाऊच. लगेच दुसरा निरोप आला: इलेतोरची चूलखोलीही गळतेय, येगुलभाऊंचं शीड हवं.

"चूलखोली पण?" येगुलला खरोखर वाईट वाटलं. "अरेरे. न्या, न्या."

उरल्या होड्या ओतोलिगच्या कुळाच्या. त्या माणसांकडे इलेतोर काही मागू शकत नव्हती, ती काही तिची भावंडं नव्हेत. तेव्हा ज्याने जन्मात कुणाला सल्ला दिला नव्हता तो ओतोलिग हातातली दोरी टाकून उठला आणि लेफायला म्हणाला, "माझ्या बहिणीला विचारून या. तिचंही गळत असणार."

नणंदेचं गळतच होतं. तिने कळवलं की ओल्यात झोपून कंबर धरली आहे. तिच्या शेजारणीचंही गळायला लागलं, शेजारणीच्या मावशीचंही. दुपारपर्यंत एलांगची सगळी छपरं एकदम गळू लागली. आभाळात तेव्हा ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. एका म्हातारीचं घर सिमेंटचं, तिचा मुलगा ग्वामला कामाला आहे त्याने बांधून दिलेलं. तीही काठी आपटत म्हणाली, "गळतं म्हणजे गळतं! माझ्या भावाला सांगा!" तिचा भाऊ ऐंशीचा, त्याने तीस वर्षांत शिडाला हात लावला नव्हता, पण त्यानेही जुनंपुराणं शीड शोधून दिलं.

"एवढी घरं एकाच दिवशी गळतात म्हणजे कमाल आहे," येगुल म्हणाला. "कुणीतरी बघायला पाहिजे हे."

"तू बस," रापियाल म्हणाला.

बहिणीच्या घरावर शीड टाकायला तो स्वतः चढला. रिवाजाप्रमाणे इलेतोर तिथून निघून खाचराच्या कडेला जाऊन बसली. अळूच्या पानांआडून तिला त्याची पाठ दिसत होती, आता जराशी वाकलेली. गाठी मारता मारता तो मोठ्याने म्हणाला, "घट्ट बांध रे येगुल. बहिणीला कोरडं झोपायला मिळालं पाहिजे." बोलणं येगुलशी चाललं होतं, असं समजायचं. येगुल खाली उभा राहून केळं खात होता.

वारा उठला तो तिसऱ्या दिवशी. त्याआधीच शिडं उतरवून, गुंडाळून बायकांनी घरात आणली होती आणि सगळं बेट शाळेच्या पक्क्या इमारतीत गोळा झालं होतं. काळा खडक कुठे होता हेच कळेना. पाणी प्रवाळाचा कडा ओलांडून माडांत शिरलं, खालच्या खाचरांत खारं पाणी भरलं, नारळ दगडांसारखे सुटत होते. रेडिओची तार उभी होती तोवर इलेतोर दवाखान्यातून ओरडून ओरडून हवा सांगत होती, आणि तामागने त्या दिवशी फुटांचं नाव काढलं नाही. मग तार पडली. शाळेत येऊन भिंतीला पाठ लावून ती बसली. समोरच्या भिंतीपाशी, माणसांच्या गर्दीपलीकडे, रापियाल गुडघ्यांत डोकं घालून चक्क झोपला होता. तो इथे आहे, भिंतीच्या आत आहे, हे बघून ती रडली, आमच्याकडे पदर नसतो म्हणून दोन्ही हातांत तोंड घेऊन, आणि ओतोलिगने तिच्या पाठीवर हात ठेवला.

माणूस एकही गेलं नाही. अळूचं नुकसान झालं, काही महिने तांदळावर काढावे लागले. इलेतोरचं छप्पर मात्र उडून शेजारच्या वाडीत गेलं. रापियालने ते पुन्हा शाकारलं. तार उभी केली. होडीची डागडुजी केली. मग एका संध्याकाळी माडीचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "दोरा राहिलाय."

आता काय करणार? तामाग म्हणाला, हवा स्वच्छ आहे, ईशान्येचा मंद वारा, लाट किरकोळ. छप्पर नवं आहे हे सगळ्या बेटाने पाहिलेलं. एक सबब दोनदा चालत नाही. इलेतोरने शिदोरी दिली, येगुलही होडीत चढला, आणि होडी कड्याबाहेर पडेपर्यंत ती माडांच्या मागे उभी राहिली.

त्यानंतर तिने तामागला चैन पडू दिली नाही.

"मधल्या पाण्यात कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे काय? किती फूट?"

तामाग इतका हसला की त्याला ठसका लागला. "आता हिला फूट हवेत!"

"हसू नकोस मेल्या. सांग."

"तीन फूट. फार तर चार. झोप जा."

झोप कसली! मामाच्या वेळीही हवा स्वच्छच होती म्हणतात. दुसऱ्या दिवशीही ओलेआयकडून काही कळलं नाही. तिसऱ्या सकाळी ती नीरफणस निखाऱ्यावर तसाच टाकून दवाखान्यात जाऊन बसली, तो जळून कोळसा झाला. वारा, ढग, पाऊस सांगून झालं. लाट सांगायची तेवढ्यात मधेच खरखर झाली आणि एक आवाज आला.

"एलांग, एलांग. ओलेआयवरून बोलतोय. वाटेतल्या पाण्याची खबर द्यायची आहे. घेता का?"

इलेतोरचा हात बटणावर होता, पण ते दाबवेना. तो आवाज तिने होडीघराच्या बाजूने हजारदा ऐकला होता, पण तो तिच्याकडे तोंड करून कधी आला नव्हता. समोर तर तो नाहीच, मधे केवढा समुद्र आहे, आणि हे हवामानाचं काम आहे, असं तिने मनाशी म्हटलं.

"एलांग ऐकतंय," ती म्हणाली.

"वारा ईशान्येचा, शिडाला पुरेल एवढा. मधे अर्धा दिवस पडला होता, म्हणून उशीर झाला. पूर्वेची लाट अजून शिल्लक आहे, पण मऊ आहे. एक सर आली, गोड पाण्याची सोय करून गेली."

"ढग?"

"पांढरे. सुटे सुटे. पाखरं पुष्कळ होती."

"होडीला काही?"

"काही नाही. येगुल सगळी केळी एकट्याने खाऊन बसला, तेवढंच नुकसान."  खरखर चालू राहिली. "दोरा मिळाला. लालच आहे. आणखी काही हवंय का एलांगला?"

तामागही मधे पडला नाही. सगळ्या बेटांवर बाया रेडिओपाशी श्वास रोखून बसल्या असणार, हे इलेतोरला माहीत होतं. तिला खूप काही विचारायचं होतं. पाठ दुखते का, त्या दिवशी शाळेत झोप कशी लागली, लहानपणीचं ते फळकूट आठवतं का. 

"परत ये," ती म्हणाली. "दुसरं काही नको. तू परत ये."

कुठल्याशा बेटावरून एका बाईला राहवलं नाही. "मागितलंय हो बहिणीने! आम्ही सगळ्यांनी ऐकलंय!"

"गप्प बसा गं सगळ्या!" तामाग ओरडला.

"येतो गं बाय," रापियाल म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हतीच.